दहाला एक

"बाई, तुमच्या घरात आग लागली होती का?" असं बाकावरच्या एका बाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या मुलीला खिडकीकडे सरकवून स्वतः मध्ये भिंतीसारखी बसली. ट्रॉलीबस पुलावर होती. खाली दौगावा नदी शिशासारखी जड पडलेली. इल्वियाच्या एका हातात पाच शेवंत्या, दुसऱ्यात वरची दांडी, आणि तोंडातून "नाही हो" एवढंच निघालं. ते निघेपर्यंत त्या बाईनं स्कार्फ नाकाशी नेलेला होता. वाकावं आणि तिच्या तोंडापाशी तोंड नेऊन सांगावं, इल्वियाला वाटलं, की ही आग नाही, हे लाकूड आहे. झाडाला उभं धरून ठेवणारा जो डिंक असतो ना, लिग्निन, ज्याचा काळा गाळ कागदाच्या गिरण्या नुसता जाळून टाकतात, त्याचं मी तेल करते. बंद भांड्यात हवेशिवाय तापवते, वाफ धरते, थंड करते. त्याचा वास असा जळक्या मांसासारखा येतो आणि दोनदा अंघोळ केली, केसांना लिंबू चोळलं, तरी जात नाही. आणि मलाही एक मुलगी आहे. हे शेवटचं मनातल्या मनात म्हणताना तिच्या कानशिलांत रक्त ठोके द्यायला लागलं. मुलगी आहे म्हणजे काय, मुलगी असणं हे काय ओळखपत्र आहे, ते दाखवून माणसानं आपण निरुपद्रवी आहोत हे सिद्ध करायचं? राग त्या बाईवर नव्हता. तो कालपासून पोटात तयार होता, जो पहिला समोर येईल त्याच्या अंगावर जायला टपलेला, आणि ही बिचारी समोर आली होती.

काल संध्याकाळी टेक्लानंही तेच केलं होतं. पाळणाघरातून तिला उचललं, नेहमीसारखं तिनं आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि मग थांबली. चौदा महिन्यांचं लेकरू, पण कसं मागं झालं, कसं बघितलं, जणू कुणी आईचा कोट घालून आलंय. रडली नाही. रडली असती तर इल्वियाला बरं वाटलं असतं. नंतर रात्रीचं जेवण, दूध, मनगटावर दोन थेंब टाकून बघणं, खिडकीची कडी, विजेच्या खोबणींतली प्लॅस्टिकची बुचं, पुन्हा खिडकीची कडी. आणि हे सगळं चाललेलं असताना डोक्यात एकच आकडा, बावीस. बावीस, बावीस. राइविस, तिचा नवरा, सोफ्यावरून म्हणाला, "किती वेळा बघशील? कडी पळून जाणार आहे का?" त्याला तिनं सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. तो शांतपणे ऐकतो, हा त्याचा गुण, आणि ऐकून झाल्यावर जे बोलतो तो त्याचा दोष. "उद्या प्रोफेसरांचा नामदिन आहे ना? मग उद्या कशाला? आणि इल्विया, तू वर्षभर सलग तीन तास झोपलेली नाहीस. अशा वेळी सगळंच भयानक वाटतं." तिनं हातातली बाटली ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की झाकण उडालं. झोप! आकडा झोपलेला नसतो. पितळेच्या वाटीत तेल घ्यायचं, झाकण लावायचं, खालून मंद ऊब द्यायची आणि अंशाअंशाला झाकणाची फट उघडून बारीक ज्योत आत दाखवायची. ज्या अंशाला वाफ पेट घेते तो आकडा. अहवालात लिहिलं होतं चौसष्ट. तिच्या वाटीवर बावीस अंशांना फुस् करून निळी लाट पसरली. तीनदा केलं. तिन्ही वेळा निळी.

ट्रॉलीबस पुढच्या थांब्यावर थांबली, ती बाई मुलीला घेऊन उतरली आणि काचेतून एकदा वळून बघून गेली. इल्वियानं तिची जागा घेतली. जागा अजून ऊबदार होती आणि त्या उबेचाही तिला राग आला.

बाळंतपणाच्या रजेवर जाताना तिचं तेल वाईट होतं. हे ती कुणापासून लपवत नव्हती. लिग्निनचं तेल बाटलीत स्वस्थ बसत नाही. आतल्या आत त्याचे रेणू एकमेकांना धरत जातात, आठवड्याला दाट, महिन्याला मध, वर्षाला डांबर. म्हणून तर त्याला दाबाखाली हायड्रोजन द्यायचा, निकेल घातलेल्या खड्यांवरून न्यायचं, त्यातला ऑक्सिजन काढायचा, सुधारायचं. आणि सुधारलं की नाही ते बघायचं तर चोवीस तास ऐंशी अंशांवर बाटली ठेवायची. तो एक दिवस म्हणजे फडताळातलं एक वर्ष. तिच्या शेवटच्या बाटलीनं त्या दिवसात दुप्पट घट्टपणा धरला होता. तिनं तसंच लिहिलं, आठव्या महिन्यातलं पोट टेबलाला टेकवून, आणि गेली. तीन आठवड्यांपूर्वी परत आली तर तेल शहाणं झालेलं. पातळ, चोवीस तासांनीही पातळ. प्रोफेसर लेओपोल्ड्सनी दोन्ही हात पसरले होते, "बघ पोरी, तुझं तेल तुझ्यावाचून सुधारलं! मुलं अशीच असतात, आईची पाठ फिरली की नीट वागतात." सगळे हसले, तीही हसली. शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं होतं. कृती तिची, खडे तिचे, नाव तिचं. आनंदाचे ते पहिले दोन आठवडे आता आठवले की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे. खोबणीची बुचं दहादा तपासणारी बाई, आणि स्वतःचं तेल एकदाही हुंगलं नाही! हुंगलं ते काल, आणि तेही सहज, बाटलीवरची जुनी चिठ्ठी बदलताना. टेक्ला झाल्यापासून नाक असं झालंय की दूध नासायच्या आदल्या दिवशी कळतं. धुराच्या त्या जाड वासाच्या खाली काहीतरी बारीक, गोडसर, थंड होतं, पातळ करायच्या स्पिरिटासारखं. मिथेनॉल.

तेव्हा प्रयोगशाळेत ओयार्स बेसिनपाशी नळ्या धूत होता. साठीचा तंत्रज्ञ, हात बोटांच्या पेरांपर्यंत तपकिरी झालेले, ती इथं विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हापासून तिला "चिमणे" म्हणणारा. तिनं विचारलं तर लपवलंही नाही त्यानं. "पंप अडकायचा गं. तुझं तेल म्हणजे खीर. दर अर्ध्या तासाला पंप उघडायचा कोणी? मग घातलं. दहाला एक. सगळेच घालतात."

"सगळे घालतात, पण सगळे लिहितात, ओयार्स!"

"मग मी काय नाही लिहिलं?" तो खरोखर दुखावला होता. ओले हात पुसून त्यानं खणातून वही काढली. पंपाची वही. पंपाला तेलपाणी केलं, वॉशर बदलला, जाळी धुतली, की यात लिहायचं. आणि होतं सगळं, त्याच्या गोलगोल अक्षरात, तारखांसकट: मिथेनॉल, दहाला एक, पंप मोकळा राहावा म्हणून. चौदा महिने. "प्रोफेसर म्हणाले, पंपासाठी घातलेलं ते पंपाचं. तेलाच्या वहीत त्याचं काय काम?"

"आणि पंपातून ते जातं कुठं?"

ओयार्सनं तिच्याकडे बघितलं. मग बेसिनकडे. "चिमणे, मी नळ्या धुतो," तो म्हणाला.

ही संस्था अशीच चालत आली आहे, इल्वियाला माहीत होतं. प्रत्येक यंत्राची वही वेगळी, प्रत्येक वहीचा माणूस वेगळा, आणि कुणी कुणाची वही उघडायची नाही, ते असभ्य. तीही कधी उघडत नव्हती. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. चौसष्ट हा आकडासुद्धा खोटा नसेल, पंपाच्या आधीच्या भांड्यातून कुणीतरी शुद्ध तेल घेऊन मोजला असेल, आणि या विचारानं तिला सगळ्यात जास्त चीड आली. चोर असता तर पकडता आला असता. इथं सगळे सज्जन. सज्जनांनी मिळून उत्तरेकडच्या एका गावात बालवाडीच्या तळघरात चार पिंपं पाठवली होती. सोमवारी तिथला बॉयलर पहिल्यांदा या तेलावर पेटायचा होता, गिरणीच्या काळ्या गाळातून मुलांना ऊब, वर्तमानपत्रवाला यायचा होता. बॉयलरच्या टाकीत आधी तेल सत्तर अंशांपर्यंत तापवायचं, कारण थंड तेल बर्नरमधून फवारत नाही. आणि मिथेनॉल पासष्ट अंशांना उकळतं. यासाठी संशोधक लागत नाही, शाळेतलं पोर सांगेल: तळघर, उकळणारं स्पिरिट, पेटता बर्नर, आणि वरच्या मजल्यावर दुपारची झोपलेली चाळीस मुलं. पिंपांमागोमाग टपालानं जायच्या सुरक्षेच्या कागदावर तेवढी तिची सही बाकी होती.

मग काल चार वाजता तू काय केलंस? ट्रॉलीबस वळणावर कलली आणि हा प्रश्न आतल्या आत कुठूनतरी घरंगळत आला. तिनं तो पायानं बाजूला सारला. प्रोफेसर केस कापायला गेले होते. पाळणाघर सहाला बंद होतं. पिंपांना सील आहे, सोमवार लांब आहे, आणि नामदिनाच्या, कॅलेंडरात आपलं नाव येतं त्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी माणसाच्या कानात कडू घालू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते दुधातूनच आलं होतं. तिची आई आजोबांच्या नामदिनाआधी घरातली आजारपणंसुद्धा दोन दिवस पुढं ढकलायची. शुक्रवारी सकाळी, फुलं देऊन झाल्यावर, त्यांच्या खोलीत, दार लावून, शांतपणे. असं तिनं ठरवलं होतं. शांतपणे हा शब्द तिनं रात्रभर जिभेवर फिरवला होता, आणि सकाळी तो चघळून चोथा झालेला होता.

नामदिनाला इथं कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला आठवण असते तो येतो, आणि ज्याचा दिवस असतो त्यानं टेबल मांडून ठेवायचं. लेओपोल्ड्सनी पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयात मांडलं होतं: केशरी रंगाचा, बेदाणे घातलेला मोठा वेटोळ्याचा केक, कॉफीचे थर्मास, धुरी दिलेले मासे. कापलेल्या केसांमुळे त्यांची मान नव्या कोंबड्यासारखी गुलाबी दिसत होती. "आली! आमची आई आली!" त्यांनी शेवंत्या घेतल्या, तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. परत आल्यापासून ते तिला सगळ्यांसमोर आईच म्हणत. तिला डॉक्टरेट मिळाली त्याला पाच वर्षं झाली होती.

"प्रोफेसर, पाच मिनिटं तुमच्या खोलीत..."

"आज? आज खोली नाही, आज फक्त पोट!" आणि ते हसत पुढच्या माणसाकडे वळले. पण वळता वळता कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढून तिच्या बशीशेजारी ठेवला, वर पेन. "एवढी सही तेवढी कर. दुपारच्या टपालात जाऊ दे." केकच्या बशीशेजारी. जणू बिलच. तिनं कागद बघितला. चौसष्ट. तिचं नाव छापलेलं, खाली रेघ.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली, हिरवा रेनकोट, रबरी बूट, हातात मधाची बरणी, आणि दारातच थबकली, जशी खेड्यातली माणसं चकचकीत फरशीवर थबकतात. "प्रोफेसरांचा आज दिवस ना? पहाटेच्या बसनं आले. मुलांनी चित्र पाठवलंय." लेओपोल्ड्सचा चेहरा उजळला. "झेन्टा! या, या! ही झेन्टा, बालवाडीचा बॉयलर हिच्या हातात. आमची खरी राणी ही!" त्यांनी तिला खुर्ची दिली ती नेमकी इल्वियाच्या शेजारची. झेन्टा बसली, रेनकोट काढला नाही, आणि इल्वियाकडे झुकून एकदा नाक ओढलं. "तुम्हीच का तेल करता? वासावरून कळलं. माझ्या तळघराला आता हाच वास आहे. मला आवडतो बाई, माझ्या बापाचं मासे धुरवायचं खोपटं होतं."

सकाळपासूनची पहिली बाई, जी या वासापासून मागं सरली नव्हती. इल्विया तिच्याकडे वळली. "पिंपं बंद आहेत ना?" तिनं विचारलं. "सोमवारपर्यंत उघडायची नाहीत."

"सोमवारपर्यंत?" झेन्टा हसली. "सोमवारी पेपरवाले आल्यावर काय मी पिंपं लोटत बसू? काल दुपारीच टाकी भरली. पण भारी तेल हो, रात्रीत बघा, थंडीनं काकवी झाली. म्हणून पहाटे निघताना तापवायला लावून आले. मंद ठेवलंय. बारापर्यंत पातळ होईल."

वाचनालयातला आवाज इल्वियाच्या कानांतून कुणी ओढून काढल्यासारखा गेला. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पहाटे, म्हणजे पाच. तिनं शांतपणे हा शब्द शोधला, तो कुठंच नव्हता. "फोन काढा," ती म्हणाली. "आत्ता. तिथं कोण आहे?"

"स्वयंपाकीण आहे, माल्डा. का हो?"

"त्या टाकीत स्पिरिट आहे!" हे ती ओरडली. टेबलावरचे चमचे थांबले. "दहाला एक मिथेनॉल आहे त्यात, त्याची वाफ भरली असेल तळघरात. मुख्य बटण कुठं आहे, आत की बाहेर?"

"बाहेर. जिन्यात." झेन्टाचा चेहरा एकदम लहान झाला. बोटं फोनवर चालत होती, पण नीट चालत नव्हती.

"इल्विया," लेओपोल्ड्सचा आवाज आला, मऊ, समजुतीचा, आजारी माणसाला द्यावा तसा. "पोरी, काहीतरी घोटाळा होतोय तुझा. सकाळपासून बघतोय मी, तू थकली आहेस. ते पंपासाठी..."

"पंपासाठी!" ती उठली आणि खुर्ची मागं पडली. "पंप काय तेल पिऊन टाकतो का, प्रोफेसर? चौदा महिने तुम्ही पंपाला पाजलंत आणि माझ्या नावावर खपवलंत! बावीसला पेटतं ते. बावीसला! ही खोली आत्ता बावीस आहे! आणि मला आई म्हणू नका. मी तुमची आई नाही."

ओयार्स कॉफीच्या कपात बघत होता. लेओपोल्ड्सच्या हातात केकची सुरी तशीच. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. कुणीतरी भर जेवणात ताटात थुंकलं तर होतो तसा तो चेहरा झाला होता, आणि इल्वियाला कळलं की या माणसाला अजूनही खरोखर वाटतंय, की आज इथं चुकलं असेल तर ते तिचं हे ओरडणं.

फोन लागला. झेन्टा बोलायला गेली आणि तिला शब्द सुचेनात, म्हणून इल्वियानं फोन तिच्या हातातून घेतला. "माल्डा, ऐका. जिन्यातलं मुख्य बटण बंद करा. आत जायचं नाही. दिवा लावायचा नाही. बॅटरीसुद्धा नाही. आधी मुलं बाहेर, कोट राहू द्या, पांघरुणात गुंडाळा, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला न्या. मग अग्निशमनला फोन." पलीकडून श्वास, चपलांचे आवाज, बाई ओरडतेय, "अर्नीस, बूट सोड, चल!" आणि मग खूप वेळ नुसते आवाज, दारं, पायऱ्या, कुणीतरी मूल रडतंय, मग वारा. इल्विया एका हातानं टेबलाची कड धरून उभी होती. ती मुलं मोजत होती. ऐकू येणाऱ्या आवाजांवरून मुलं मोजता येत नाहीत हे तिला कळत होतं, तरी मोजत होती. "सगळी आहेत," माल्डा म्हणाली. "चाळीस. दोनदा मोजली. बटण बंद केलंय. खालून वास येतोय हो, गोड गोड."

"कुणी जवळ जाऊ नका," इल्विया म्हणाली. "दार अग्निशमनवाल्यांना उघडू द्या."

तिनं फोन परत दिला. समोर तो कागद होता, बशीशेजारी, एका कोपऱ्याला लोणी लागलेलं. तिनं पेन घेतलं, चौसष्ट खोडलं, बावीस लिहिलं, बाजूला मिथेनॉल, दहाला एक, आणि खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद प्रोफेसरांना न देता झेन्टासमोर सरकवला. आता तिला वाटत होतं की कुणीतरी काहीतरी बोलावं, लेओपोल्ड्सनी आवाज चढवावा, तिला हाकलावं. राग अजून संपलेला नव्हता, त्याला अजून एक तरी भिंत हवी होती. झेन्टानं कागद वाचला. ओठ हलवत, सावकाश, खालची तारीख येईपर्यंत. मग घडी घालून रेनकोटच्या खिशात ठेवला.

"हे तुम्हांला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"काल," इल्विया म्हणाली. "चार वाजता."

"चार वाजता मी टाकी भरत होते." झेन्टा उठली. बूट करकरले. तिच्या आवाजात चढ नव्हता, उलट ती जरा लाजल्यासारखीच बोलत होती, एवढ्या शिकलेल्या माणसांत. "वास छान येत होता, म्हणून दारातच बसून सिगरेट ओढली मी. दोन ओढल्या." तिनं रेनकोटचं वरचं बटण लावलं. "पिंपं पाठवतानाच्या कागदावर माझा नंबर आहे, बाई. तुमच्याकडेही असेल ना तो कागद?"

इल्वियानं तोंड उघडलं. नामदिन, ती म्हणणार होती. प्रोफेसर केस कापायला गेले होते. पाळणाघर सहाला बंद होतं. सगळी वाक्यं जिभेवर आली, नीट, तयार, एकेका यंत्राच्या वहीत लिहावीत तशी, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. झेन्टा उत्तरासाठी दोन क्षण थांबली. मग तिनं मान हलवली आणि बस गाठायला निघून गेली.